संप त्यांचा, केर माझा

पहाटे चारला मी आले तेव्हा
फलकावर तीनच ओळी लाल होत्या.
सहापर्यंत सगळा फलक
अंगभर गोवर उठल्यासारखा.

सामान चढवणारे, शिड्या लावणारे,
विमानाला मागे ढकलणारे ते पिवळ्या गाडीवाले,
सगळे काचेच्या दाराबाहेर उभे.
गळ्यात पाट्या, हात खिशात, एप्रिल असून गारठलेले.
मी आत आहे.
माझं कंत्राट वेगळं, कंपनी वेगळी,
युनियन तर नाहीच.
संप त्यांचा, केर माझा.

अकरा वर्षं लिस्बनचा हा विमानतळ झाडतेय,
म्हणून सांगते,
माणसाचा बेत मोडला की तोंडावर नाही दिसत,
कचऱ्याच्या डब्यात दिसतं.
आठ वाजता कॉफीचे कप, कडा चावलेले.
दहा वाजता चार तुकडे केलेला बोर्डिंग पास,
आणि साडेदहाला तेच तुकडे शोधत आलेला गृहस्थ :
"बाई, पैसे परत मिळायला लागतो म्हणे."
तीन सापडले.
चौथा त्याच्याच बुटाला चिकटला होता.

दुपारी
कोटाला लावायचं पांढरं फूल, टाचणीसकट.
नवऱ्या मुलाचा भाऊ खांबाला टेकून
फोनवर फुंशालचं चर्च बघत होता.
तिकडे सगळे उठून उभे राहिले की
हाही खांब सोडून नीट उभा राहायचा.
मी तेवढ्यापुरती बादली थांबवली.

एर्मेलिंडाबाई मात्र काही टाकत नव्हत्या.
एव्होराजवळच्या कुठल्याशा गावाहून आलेल्या,
मांडीवर टोपली, टोपलीत ईस्टरचा पाव,
अख्खी अंडी पोटात घेऊन भाजलेला.
लक्झेंबर्गला त्यांची धर्मकन्या, वय सात.
रविवारी पाव तिच्या हातात पडायलाच हवा,
नाहीतर धर्ममाता कसली!
"सोमवारचं विमान देतो म्हणतात.
सोमवारी काय, पाव दाखवायला नेऊ?"

चार वाजता त्या उठल्या
आणि तरातरा दाराबाहेर गेल्या.
काचेतून आवाज येत नाही.
मला दिसलं एवढंच :
त्यांचं बोट वर, त्या उंच नेल्सोनची मान खाली,
बोट अजून वर,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग टोपलीवरचं फडकं.

परत आल्या तेव्हा पाव अर्धा होता.
"सकाळपासून उपाशी आहेत मूर्ख.
माफ नाही केलेलं. तसं सांगून आलेय."
मग माझ्याकडे, माझ्या झाडूकडे बघत
एक तुकडा मोडला :
"तूही त्यांच्यातलीच का?"

नाही म्हणाले.
तोंडात पाव होता, बडीशेपेचा वास,
आणि गिळेपर्यंत वाटलं
की उत्तर चुकलं बहुतेक.

मलाही जायचंय.
डिसेंबरात, मिंदेलोला, बहिणीकडे,
सहा वर्षांनी.
तिकिटाचे चार हप्ते, तीन फिटलेत.
तेव्हा जर हे लोक दाराबाहेर उभे राहिले
तर मीही शिव्या घालीन,
पोर्तुगीजमध्ये नाही, आमच्या बेटाच्या बोलीत.
ती जास्त लागते.

रात्री फरशी पुसायचं यंत्र लावलं नाही.
माणसं निजली होती, बुटांची उशी करून,
एक मूल सामानाच्या ट्रॉलीत.
हातानेच पुसलं,
पायांच्या कडेकडेने, नकाशातल्या किनाऱ्यासारखं.
एर्मेलिंडाबाई बसूनच झोपल्या होत्या,
टोपलीच्या दांडीत हात अडकवून.

निघताना दार उघडलं तर
उंबऱ्यापलीकडे अंड्याची टरफलं,
कांद्याच्या सालीत उकडून तांबूस केलेली.
दाराबाहेरचं झाडणं माझ्या कंत्राटात नाही.
तिथली माणसं वेगळी. आज तीही संपावर.

इकडेतिकडे बघितलं
आणि झाडून घेतलं.